एलियन का हरत होते: भुसावळच्या एका कॅफेतलं प्रकरण

मे २००५ मधली गोष्ट. भुसावळला जामनेर रोडला माझा आठ मशिनचा सायबर कॅफे होता. दिवसभर रिझल्ट, भरतीचे फॉर्म, प्रिंट. संध्याकाळी सहानंतर पोरांचं लॅनवर, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या मशिनवर, गेमिंग. त्या उन्हाळ्यात सगळे काउंटर-स्ट्राइक सोडून 'एलियन्स व्हर्सेस प्रेडेटर २' ला (थोडक्यात एव्हीपी) चिकटले होते. सुरुवातीचा आठवडा झकास गेला. मग लागोपाठ दहा-बारा संध्याकाळी एलियनची टीम हरत राहिली. शेवटी एलियन घ्यायला कुणी तयार होईना, आणि ज्याच्या गळ्यात रोज एलियन पडायचे तो रेल्वे क्वार्टरमधला दहावीचा पोरगा कॅफेत यायचाच बंद झाला. कारण सापडायला मला दोन आठवडे लागले. ते इथे सविस्तर लिहून ठेवतो, कारण असे गेम आजही निघतात आणि 'अमुक बाजू कमजोर आहे' ही तक्रार आजही तशीच्या तशी ऐकू येते.

तीन बाजू, तीन नजरा

एलियन आणि प्रेडेटर हे दोन्ही प्राणी मूळचे सिनेमातले, पहिला १९७९ चा आणि दुसरा १९८७ चा. दोघांना एकमेकांसमोर उभं केलं ते १९८९ मध्ये डार्क हॉर्स या प्रकाशनाच्या कॉमिकने. इंग्लंडच्या रिबेलियन कंपनीने १९९४ मध्ये अटारी जॅग्वार या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर त्यांचा गेम काढला, १९९९ मध्ये पीसीवर दुसरा. आम्ही खेळायचो तो त्यापुढचा, २००१ चा. तो मोनोलिथने बनवला आणि सिएराने बाजारात आणला. आमच्या जुन्या सेलेरॉन मशिनवर तो कुरकुर न करता चालायचा, हे त्याच्या लोकप्रियतेचं अर्धं कारण.

या सगळ्या गेमांचं वैशिष्ट्य एकच: मरीन, एलियन, प्रेडेटर यांपैकी कुणीही होऊन खेळा, प्रत्येक वेळी खेळच वेगळा होतो. मरीन म्हणजे माणूस, सैनिक. बंदुका भरपूर, मारा लांबचा, पण डोळे आपल्यासारखेच. अंधारात फ्लेअर (जळती उजेडाची नळी) फेकायची नाहीतर टॉर्चवर भागवायचं. त्याचा खरा आधार म्हणजे मोशन ट्रॅकर. हलणारी वस्तू जवळ आली की हे यंत्र टिकटिकतं, आणि जितकी जवळ तितका आवाज चढत जातो. पण त्यात दोन खोटी आहेत. समोरचा हललाच नाही तर ट्रॅकर गप्प राहतो. आणि तो सपाट नकाशा दाखवतो, त्यामुळे धोका छतावर आहे की जमिनीवर ते कळत नाही.

या दोन खोटींमध्येच एलियनचं अख्खं आयुष्य. त्याला बंदूक नाही. नखं, शेपटी, झडप आणि वेग एवढंच. तो भिंतीवर चालतो, छताला चिकटून राहतो, अंधारात बघू शकतो. रक्त आम्लाचं, म्हणून त्याला अगदी जवळून मारणाराही भाजतो. पण उजेडात, सरळ बोळात, बंदुकीसमोर तो क्षणभरही टिकत नाही.

प्रेडेटर शिकारी. तो जवळजवळ अदृश्य होतो, त्याच्या खांद्यावर तोफ असते, आणि मुख्य म्हणजे तो नजर बदलू शकतो. एका नजरेत माणसाच्या अंगाची उष्णता दिसते, दुसरीत एलियन उठून दिसतात. शक्ती मर्यादित असल्याने जपून वापरावी लागते. आणि त्याचं अदृश्य होणं एलियनपुढे चालत नाही.

आता हे नीट बघा. तिघांची ताकद मोजायला गेलं तर तुलनाच होत नाही. तिघांना तोलून धरलंय ते कुणाला काय दिसतं आणि काय ऐकू येतं यावर. १९९८ च्या स्टारक्राफ्टमध्येही तीन वेगळ्या जाती आहेत, पण तिथे तोल किमतीत, वेळेत आणि संख्येत आहे. तुम्ही तो गेम भर उन्हात ओसरीवर बसून खेळा, तोल ढळणार नाही. इथे मात्र ढळतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

तक्रार

आठ मशिन, त्यामुळे आमची वाटणी ठरलेली: तीन मरीन, तीन एलियन, दोन प्रेडेटर. दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या कॉलनीतले दोघे, वरणगावचे तिघे, क्वार्टरमधले काही, आणि अमळनेरहून मामाकडे सुट्टीला आलेला एक. त्याची अहिराणी आमच्या लेवा बोलीच्या पोरांनी चार दिवसांत उचलली, कारण लढाईच्या मध्ये ओरडायला ती सोयीची पडली. "मांगे शे!" (मागे आहे!) एवढं म्हटलं की काम झालं.

स्कोर मी एका वहीत लिहायचो. पहिल्या आठवड्यात कधी हे जिंकत, कधी ते. मग महिन्याच्या मध्यापासून वहीत एलियनचा रकाना कोरा दिसायला लागला. प्रेडेटर सर्वांत पुढे, मागोमाग मरीन, एलियन तळाला.

पोरांनी निदान लगेच करून टाकलं. अमळनेरचा म्हणाला, "भाऊ, एलियनमा दमच नही." वरणगावच्या मोठ्याचं मत होतं की एलियनकडे कच्ची पोरं येतात म्हणून हरतात. त्यात थोडं तथ्य होतंच, कारण सगळे आपापली बाजू उचलून झाल्यावर उरलेलं धाकट्यांच्या वाट्याला यायचं. क्वार्टरमधल्या त्या पोराला तर कुणी विचारायचंही नाही. त्याने मशीन चालू केलं की मागून आवाज यायचा, "तू एलियन घे."

मी आधी मोठ्याचं मत तपासलं. दोन संध्याकाळी सर्वांत चांगले तिघे एलियनला टाकले. ते हरले, फरक इतकाच की थोड्या कमी फरकाने. मग मॅप बदलून पाहिले, निकाल तोच. एखादं मशीन मंद आहे का, केबल सैल आहे का, हबवर काही गडबड आहे का, हेही बघितलं. काही सापडलं नाही.

याच दरम्यान तो पोरगा यायचा थांबला. चौथ्या दिवशी त्याचे वडील प्रिंट काढायला आले, तेव्हा मी विचारलं. म्हणाले, "त्याला खेळता येत नाही म्हणे, घरीच बसतो." हे मला लागलं. पोरगा बुजरा होता, पण त्याचा हात चांगला होता. पहिल्या आठवड्यात याच पोराने एलियन घेऊन सगळ्यांना पळवलं होतं, ते माझ्या वहीत होतं. आठवड्याभरात कुणाचा हात बिघडत नाही. मग बिघडलं काय?

लाइट गेली ती संध्याकाळ

भारनियमन रोजचंच. पण त्या दिवशी लाइट ऐन खेळाच्या वेळी गेली आणि लवकर येण्याचं चिन्ह नव्हतं. आमचा जनरेटर लहान. त्यावर मशिन आणि काउंटरवरचा एक बल्ब चालायचा. ट्यूबलाइटी बंद, दोन्ही कूलर बंद. भुसावळचा मे, पारा ४५ च्या घरातला, रात्री आठलाही भिंती हातभर लांबून भाजत होत्या. तरी पोरं उठेनात. घाम पुसत खेळायला बसली.

पाच मिनिटांत ओरडा सुरू झाला, स्क्रीन डोळ्यांत घुसतेय म्हणून. काळोख्या खोलीत मॉनिटर पांढरटलेले दिसत होते. दीपनगरच्या एकाने गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन गॅमाची, म्हणजे चित्रातला अंधार किती उजळ दिसावा याची, पट्टी खाली ओढली. बाकीच्यांनी त्याचं बघून ओढली. मी स्कोर लिहीत होतो, फार लक्ष दिलं नाही.

त्या रात्री पाच राउंड झाले. चार एलियनने जिंकले.

वही हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. टीम त्याच, मॅप तोच. बदललं होतं ते तीनच गोष्टींत: खोलीतला उजेड, कूलरचा आवाज आणि ती पट्टी. आणि तेव्हा मला आठवलं.

महिन्याच्या मध्यात एका मशिनची हार्ड डिस्क गेली होती. नवी टाकल्यावर मी गेमचं फोल्डर खिडकीजवळच्या मशिनवरून कॉपी केलं. सगळीकडे सारखं असावं म्हणून तेच फोल्डर उरलेल्या सहा मशिनवरही टाकलं. खिडकी पश्चिमेची. संध्याकाळी सहा-साडेसहाला तिथून तिरपं ऊन थेट काचेवर यायचं, म्हणून त्या मशिनवर कुणीतरी गॅमा पार वर नेऊन ठेवला होता. फोल्डरबरोबर कॉन्फिग फाइल, म्हणजे गेमच्या सेटिंगची फाइल, गेली, फाइलबरोबर गॅमा गेला. आठही मशिन एका दुपारी उजळल्या आणि मला पत्ता लागला नाही. एलियन हरायला लागले ते त्याच संध्याकाळपासून. चूक माझी होती, आणि मी दहा दिवस पोरांच्या खेळण्यात खोट काढत होतो.

गॅमाने नेमकं काय केलं

ब्राइटनेस आणि गॅमा एक नव्हेत. ब्राइटनेस सगळंच चित्र सारखं वर उचलतो. गॅमा मुख्यतः काळोखाला हात घालतो. काळा ० आणि पांढरा १ धरा. गॅमा १.५ केला तर १ जागेवरच राहतो, ०.५ ची मधली छटा ०.६३ होते, पण ०.१ ची गडद छटा उडी मारून ०.२२ वर जाते. म्हणजे बोळातला दिवा आहे तसाच दिसतो, आणि छताच्या कोपऱ्यातला अंधार दुप्पट उजळतो. एलियन तर नेमका त्या कोपऱ्यात बसलेला असतो.

मरीनला मग फ्लेअर नको, टॉर्च नको. ट्रॅकर वाजला की मान वर करायची, काळी आकृती करड्या छतावर स्वच्छ दिसते. एक दम धरून गोळ्या घातल्या की संपलं. एलियनला स्वतःला यातून काहीच मिळत नव्हतं, कारण त्याला अंधारात आधीच दिसत होतं. प्रेडेटरला फारसा फरक पडला नाही, त्याच्याकडे स्वतःच्या नजरा होत्या. पण त्याला रोखणारा मुख्य प्राणी म्हणजे अदृश्य असतानाही त्याला ओळखणारा एलियन. तोच आता राउंडच्या सुरुवातीला मरीनच्या हातून मरत होता. त्यामुळे प्रेडेटरला मैदान मोकळं मिळालं. वहीत प्रेडेटर सर्वांत पुढे का होता याचं हे उत्तर. त्याची ताकद होती तेवढीच होती.

एकेक गोष्ट बदलून

अंदाज बरोबर आहे म्हणून तेवढ्यावर सोडून द्यायचं नव्हतं, कारण त्या रात्री तीन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. पोरांना सांगितलं, तीन संध्याकाळी मी म्हणेन तसं खेळायचं, पैसे निम्मे. आनंदाने तयार झाली. क्वार्टरमधल्या पोराच्या घरी मी स्वतः गेलो, वडिलांसमोर सांगितलं की खेळ माझ्यामुळे बिघडला होता, त्याच्यामुळे नाही. तो काही बोलला नाही, पण संध्याकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसला.

पहिल्या दिवशी गॅमा वर, कूलर बंद. एलियन हरले, आणि नेहमीपेक्षा वाईट हरले.

दुसऱ्या दिवशी गॅमा मध्यावर, कूलर चालू, खिडकीला गोणपाट. मला वाटलं होतं आता तोल सापडेल. झालं उलटंच. एलियनने सगळ्यांना अक्षरशः फाडून खाल्लं, एकही राउंड सोडला नाही. पोरं वैतागली, मीही गोंधळलो. एका मरीनच्या मागे जाऊन उभा राहिलो तेव्हा कळलं. वाळ्याच्या ताट्यांचे दोन लोखंडी कूलर घरघरत होते, आणि त्या घरघरीत छोट्या स्पीकरमधली ट्रॅकरची टिकटिक बुडून जात होती. मरीन ट्रॅकर कानाने वाचतो. स्क्रीनवरच्या ठिपक्याकडे बघत बसला तर बंदूक कुठे रोखायची? त्यात भर म्हणजे जेवढी टिकटिक ऐकू येत होती, ती शेजारी बसलेल्या एलियनच्या पोरालाही ऐकू येत होती. त्याला आयतं कळायचं की आपण मरीनच्या किती जवळ पोचलो.

म्हणजे गॅमा वर असताना कूलर मरीनचे कान बंद करून थोडा तोल सावरत होता. एक बिघाड दुसऱ्या बिघाडाला झाकत होता. नुसता गॅमा खाली आणून थांबलो असतो तर पुढच्या आठवड्यात 'मरीनमा दमच नही' हे ऐकावं लागलं असतं.

कूलर बंद ठेवणं मे महिन्यात माणुसकीला धरून नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने जळगावला गेलो, फुले मार्केटमधून स्वस्तातले आठ हेडफोन आणले. सीटही बदलल्या. आधी एका टीमची पोरं विखुरलेली बसायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याची स्क्रीन बघायची. आता मरीन एका भिंतीला, एलियन समोरच्या, प्रेडेटर काउंटरजवळ, पाठीला पाठ.

तिसरी संध्याकाळ. गॅमा मध्यावर, गोणपाट, कूलर चालू, कानाला हेडफोन.

एक राउंड मला अजून जसाच्या तसा दिसतो. क्वार्टरमधला पोरगा एलियन होता. एका दाराच्या बरोब्बर वर, आतल्या बाजूला छताला चिकटला आणि हात माउसवरून काढून मांडीवर ठेवला. खरंच काढून ठेवला. धक्का लागून एलियन हलू नये म्हणून. मी त्याच्या मागे उभा होतो, त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि परत स्क्रीनकडे. समोरच्या भिंतीला वरणगावचा मोठा मरीन होऊन त्याच दाराकडे येत होता. त्याच्या हेडफोनमध्ये शांतता. तो दारात थांबला. फ्लेअर फेकली, ती आत जमिनीवर पडली, खालचा भाग उजळला, वरचा आणखी काळा झाला. तो दोन पावलं आत आला. पोराने हात हळूच माउसवर ठेवला. त्याच क्षणी मोठ्याच्या कानात एकदाच टिक वाजलं असणार, कारण तो खुर्चीत ताठ झाला, डावीकडे वळला, उजवीकडे वळला. वर बघायचं त्याला सुचलंच नाही. अमळनेरचा त्याच्या शेजारून ओरडला, "वर शे रे, वर!" तोपर्यंत झडप बसली होती.

मोठ्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवला, उठला, आणि पार खोली ओलांडून त्या पोराची पाठ थोपटायला गेला.

त्या रात्री नऊ राउंड झाले. मरीन तीन, एलियन चार, प्रेडेटर दोन. पुढच्या आठवड्यातही साधारण असंच फिरत राहिलं.

जे सुटलं नाही

मोकळ्या, उंच मॅपवर दोन प्रेडेटर एकत्र आले की बाकी कुणाचं चालत नसे. लांबून खांद्याची तोफ आणि पळायला भरपूर जागा, त्याला उजेड-अंधाराचा काही संबंध नाही. तिथे आम्ही चौथा मरीन घेऊन एकच प्रेडेटर ठेवायचो. हा इलाज गेमच्या बाहेरचा आहे हे मला मान्य आहे, पण आठ मशिनच्या कॅफेत तोच परवडणारा होता.

रिबेलियनने २०१० मध्ये सेगासाठी पुन्हा याच नावाचा गेम काढला. त्यात इन्फेस्टेशन नावाचा प्रकार होता: एक जण एलियन म्हणून सुरू करतो, मारला गेलेला प्रत्येक मरीन एलियन होतो, आणि उरलेल्यांभोवती फास आवळत जातो. तोवर कॅफे बंद होऊन मी दुरुस्तीच्या कामात पडलो होतो. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या लॅपटॉपवर तो बघितला तेव्हा पहिलं काम केलं ते सेटिंग उघडून गॅमा कुठे आहे ते बघायचं. पार वर होता. लॅपटॉप भर दुपारी दाराशी ठेवलेला होता.

कॅफेत त्यानंतर मी तीन गोष्टी कायमच्या केल्या. कॉन्फिग फाइलची एक चांगली प्रत सीडीवर काढून काउंटरच्या खणात ठेवली आणि रोज सहाला ती आठही मशिनवर टाकायची. मॉनिटरच्या ब्राइटनेसच्या बटणाला पांढरी चिकटपट्टी लावली, त्यावर पेनाने खूण. आणि ऊन असेपर्यंत एव्हीपी लावायचा नाही असं ठरवलं. पाचला कुणी आलाच हट्टाला पेटून, तर त्याला एज ऑफ एम्पायर्स सुरू करून द्यायचो आणि सांगायचो, हा खेळ सातनंतर.